उसातली दिवसपाळी आणि रातपाळी : वटवट्या व वटवाघूळ



या पानावर एरवी मी बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते, लागणीच्या नोंदी आणि खोडव्याची निगा यांविषयी लिहितो. या अंकात अशा दोन जिवांविषयी लिहिणार आहे, ज्यांची नोंद आपल्या शेतकी खात्याच्या कोणत्याच रजिस्टरला सापडणार नाही. पण ते आपल्या उसात पिढ्यान् पिढ्या राबत आहेत. एक आहे वटवट्या नावाचा लहानसा पक्षी. दुसरे आहे जुन्या घरांच्या आढ्यात राहणारे लहान वटवाघूळ. दोघांचे वजन जवळपास सारखेच, सात-आठ ग्रॅमच्या आसपास. हल्लीची एक रुपयाची दोन नाणी तळहातावर ठेवून पाहा, तेवढेच. दोघांचेही पोट किड्यांवर. पण एकाची पाळी दिवस उगवताना सुरू होते आणि मावळताना सुटते. दुसऱ्याची नेमकी त्याच वेळी लागते. कारखान्यात पाळी बदलताना भोंगा होतो, इथे तो होत नाही, इतकेच.

वटवट्या तुम्ही रोज बघता, फक्त नावाने ओळखत नसाल. चिमणीपेक्षा लहान, पाठ राखी, पोट फिकट तांबूस, डोळा लालसर आणि अंगाच्या मानाने लांब शेपटी. ती शेपटी तो सारखी वर-खाली नाचवत असतो. बांधावरच्या गवतात, घाणेरीच्या झुडपात, उसाच्या कडेच्या ओळीत तो फिरतो आणि फिरताना तोंड बंद ठेवत नाही. म्हणून वटवट्या. पूर्ण नाव राखी वटवट्या. याचा एक भाऊ साधा वटवट्या म्हणून आहे, तो मातकट रंगाचा. राखी वटवट्याची एक खूण सांगतो. झुडपातून दचकून उडाला की चट् चट् असा आवाज येतो, जणू विजेच्या उघड्या तारेने ठिणगी मारली. हा आवाज गळ्यातून येत नाही, पंखांतून येतो असे पक्षितज्ज्ञ मानतात.

या पक्ष्याचे आणि आपल्या मुलखाचे नाते कागदोपत्रीसुद्धा जुने आहे. कर्नल साइक्स नावाचा एक इंग्रज अधिकारी दख्खनची शेती, लोकसंख्या, महसूल यांची आकडेवारी गोळा करायला मुंबई सरकारने नेमला होता. आकडे जमवता जमवता त्याने पक्षीही जमवले आणि १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनला सादर केली. राखी वटवट्या आणि साधा वटवट्या या दोन्ही जातींची शास्त्रीय नावे त्याच यादीतून जगाला मिळाली. म्हणजे हे दोघे शास्त्रातसुद्धा दख्खनचेच रहिवासी.

घरटे बांधण्यात तो शिंपी पक्ष्याचा भाऊबंद शोभतो. कमरेखालच्या उंचीवर दोन-तीन रुंद पाने ओढून घेतो, कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी ती शिवतो आणि आत मऊ वाटी करतो. अंडी तीन ते पाच, विटेसारखी लाल आणि चकचकीत. एकदा पाहिली की विसरत नाहीत. बारा-तेरा दिवसांत पिले बाहेर येतात आणि मग नर-मादी दोघांचीही धावपळ सुरू होते. दिवसभर अळ्या, नाकतोड्यांची पिले, तुडतुडे, बारीक भुंगेरे. मुख्य वीण पावसाळ्यात. घरटे मोडले, सापाने किंवा मुंगसाने खाल्ले, अथवा कारुण्य कोकिळेने आपले अंडे त्यात घुसडले, तरी हे जोडपे रडत बसत नाही. नवीन पाने शोधते आणि पुन्हा शिवायला लागते.

आता रातपाळीवाला. याच्या नावाचा मोठा घोळ आहे. काही गावांत लहान वटवाघळाला पाकोळी म्हणतात. पण पाकोळी हे एका पक्ष्याचेही नाव आहे, आणि आपल्याला तर पाकोळी म्हटले की उसावरची पायरिलाच आठवते. म्हणून मी इथे लहान वटवाघूळ असेच लिहितो. आपल्याकडे त्यांच्या बऱ्याच जाती आहेत. मी ज्याविषयी लिहितो आहे, त्या जातीला १८५२ साली श्रीलंकेतल्या केलार्ट नावाच्या डॉक्टरने नाव दिले. जुन्या वाड्यांच्या तुळयांच्या फटी, भिंतींच्या भेगा, कौलांखालची सांद आणि झाडांच्या ढोल्या ही याची घरे. तिन्हीसांजेला, अजून थोडा उजेड असतानाच, अंगणावरून वेडेवाकडे उडत जाते ते हेच किंवा याचे भाऊबंद.

वटवाघूळ पक्षी नाही, हे शाळेत आपण सगळेच शिकलो आहोत. पण त्याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. वटवट्याचा पंख पिसांचा. वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा हात आहे. आपल्या हाताची बोटे छत्रीच्या काड्यांसारखी लांब करा, त्यांवर पातळ कातडे ताणा, ते पायापर्यंत न्या, झाला पंख. अंगठा वर मोकळा राहतो, त्याला नखी असते. अंगावर केस, तोंडात दात, आणि पिलाला दूध. तुमच्या गोठ्यातल्या म्हशीची ती लांबची नातेवाईक आहे, चिमणीची नाही.

"साहेब, पाकोळी केसात अडकते म्हणतात, अन् तोंडानं घाण करते म्हणतात, ते खरं का?" असे एका वयस्क सभासदांनी गटाच्या बैठकीत विचारले होते. मी म्हणालो, "आबा, जिला काळोखात उडणारा पतंग धरता येतो, तिला तुमचं डोकं दिसणार नाही का?" दुसऱ्या समजाचे मूळ मात्र सापडते. वडा-उंबरावर येणारी मोठी फळखाऊ वटवाघळे फळाचा रस चोखून चोथ्याची गोळी तोंडातून टाकतात. खालून पाहणाऱ्याला ती विष्ठा वाटते. उलटे टांगलेले असले तरी विष्ठा नेहमीच्याच जागेने होते. आणि किडे खाणारे लहान वटवाघूळ तर फळाला तोंडही लावत नाही. तुमच्या द्राक्षाचा, डाळिंबाचा राग त्याच्यावर काढण्यात अर्थ नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळखाऊ वटवाघळे उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच निघाली. कीटक खाणारी तर त्या यादीत नव्हतीच. पण लोकांच्या मनातली यादी अजून जुनीच आहे.

मला या दोघांच्या तुलनेत सर्वांत गंमत वाटते ती त्यांच्या आवाजाची. वटवट्या बडबड्या म्हणून प्रसिद्ध आणि वटवाघूळ मुके म्हणून. प्रत्यक्षात वटवाघूळ वटवट्यापेक्षा कितीतरी जास्त ओरडते. आपला कान सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो. वटवाघळाची हाक त्याच्या वरची, म्हणून आपल्या लेखी शांतता. इटलीतल्या स्पॅलान्झानी नावाच्या संशोधकाने १७९३-९४ च्या सुमारास प्रयोग करून दाखवले की डोळे गेलेले वटवाघूळसुद्धा दोऱ्यांना न अडखळता उडते. जिनिव्हाच्या जुरीन याने त्याचे कान बंद केले, तेव्हा मात्र ते आदळू लागले. पण कान कशाला लागतात, हे कोडे पुढे दीडशे वर्षे सुटले नाही. १९३८ साली अमेरिकेत ग्रिफिन नावाच्या तरुण विद्यार्थ्याने सूक्ष्म आवाज पकडणाऱ्या यंत्रासमोर वटवाघळे धरली, तेव्हा ती ओरडत असल्याचे उघड झाले. हाक मारायची, ती वस्तूवर आपटून परत येते, त्यावरून वस्तू कुठे आणि केवढी ते ओळखायचे. विहिरीत वाकून हाक मारल्यावर आपल्याला पाणी किती खोल आहे याचा अंदाज येतो, तसेच, पण फार वेगाने. मोकळे फिरताना सेकंदाला दहा-बारा हाका. पतंगाच्या जवळ गेले की त्याच सेकंदाला दीडशेच्या पुढे.

पतंगही काही आंधळेपणाने मरत नाहीत. खोडकिडीचा पतंग ज्या कुळातला आहे, त्या कुळातल्या पतंगांच्या पोटाजवळ कान असतात, आणि वटवाघळाची हाक ऐकू येणे हा त्या कानांचा मोठा उपयोग. आवाज जवळ आला की पतंग पंख मिटून सरळ खाली पडतो. आपल्या उसावर रोज रात्री ही लपाछपी चालते आणि आपण घरात झोपलेलो असतो.

आता आपल्या कामाची गोष्ट. खोडकिडीची मादी रात्री उसाच्या पानाच्या खालच्या बाजूला ओळीने अंडी घालते. चार-सहा दिवसांत अळी निघते. ती थोडा वेळ पानावर आणि पानाच्या आवरणाजवळ फिरते आणि मग जमिनीलगत कोंबात शिरते. एकदा आत शिरली की पोंगा मर दिसेपर्यंत आपल्याला ती कळत नाही, आणि पोंगा उपटून निघाला की कळून उपयोग नसतो. आत तीन-चार आठवडे खाऊन, कोष करून, पुन्हा पतंग होऊन बाहेर पडते. म्हणजे या किडीचे आयुष्य बहुतेक सगळे कुलूपबंद खोलीत जाते. ती बाहेर दिसते दोनदाच : एकदा अंड्यातून कोंबात जाताना, आणि एकदा पतंग होऊन उडताना. पहिल्या दारावर दिवसा वटवट्यासारखे पक्षी, दुसऱ्या दारावर रात्री वटवाघूळ. चोर एकच, पहारेकरी दोन, आणि दोघांची कधी गाठ पडत नाही.

योगायोग असा की खोडकिडीचा जोर सुरू लागणीत आणि खोडव्यात मार्च ते मे या महिन्यांत असतो, आणि तेव्हा ऊस गुडघ्याएवढा असतो. वटवट्याला सरीत बुडख्यापर्यंत उतरता येते आणि वटवाघळाला पिकावरून मोकळे उडता येते. ऊस डोक्याच्या वर गेला की लहान वटवाघूळ आत शिरत नाही. कडेने, पाटावरून, रस्त्यावरून फिरते. म्हणून कांडी किडीसाठी त्याच्यावर फार भरवसा ठेवू नये.

त्यांच्याकडून भलत्या अपेक्षाही नकोत. पहिल्या पावसानंतर कडुनिंबावर, बाभळीवर जमणारा हुमणीचा भुंगेरा सात-आठ ग्रॅमच्या या जिवाला झेपत नाही. ते काम मोठ्या वटवाघळांचे, घुबडांचे आणि तुमच्या प्रकाश सापळ्याचे. शिवाय हे दोघे मित्रकीटक आणि शत्रुकीटक असा भेद करत नाहीत. २००२ साली लोकरी माव्याने आपली झोप उडवली होती, तेव्हा डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांनी आपल्याला वाचवले. डिफा हा शेवटी पतंगच आहे. वटवाघळाला सापडला तर ते त्याला 'हा सभासदांचा हितचिंतक आहे' म्हणून सोडणार नाही. तेव्हा ट्रायकोकार्ड बंद करा, पोंगे काढू नका, वटवाघूळ बघून घेईल, असे कोणी मनात आणू नये. पण फुकट मिळणारी मदत हाकलून देऊन विकतची आणणे हा कुठला व्यवहार?

ती मदत किती? वटवाघूळ एका रात्रीत आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढे तरी किडे खाते, पिलाला दूध पाजणारी मादी त्याहून जास्त. एक वटवाघूळ धरा अडीच ग्रॅम. वाड्याच्या आढ्यात चाळीस असतील तर रात्रीला १०० ग्रॅम. महिन्याला तीन किलो किडे, आणि तेही बहुतेक बारीक. तागडीत घालून बघा म्हणजे किती जीव होतील ते कळेल. आफ्रिकेत इस्वातिनी, म्हणजे पूर्वीचा स्वाझिलँड, या देशात उसाचे मोठे मळे आहेत. तिथे वटवाघळांच्या अंगावर बारीक रेडिओ बसवून ती रात्री कुठे जातात ते संशोधकांनी पाहिले. ती उसाच्या शेतांना पसंती देत होती. अमेरिकेत २००६ पासून एका बुरशीच्या रोगाने वटवाघळे लाखांनी मेली. ज्या भागांत ती मेली, तिथल्या शेतकऱ्यांचा कीटकनाशकांचा वापर सुमारे ३१ टक्क्यांनी वाढला, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. तो आकडा आपल्या उसाला चिकटवू नये, पीक वेगळे, मुलूख वेगळा. पण खर्च कोणाच्या खिशातून गेला एवढे त्यातून कळते.

इथपर्यंत दोघे सारखे वाटले तरी एका बाबतीत त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि मुख्यतः त्यासाठीच मी लेखणी उचलली. वटवट्याचे आयुष्य थोड्या वर्षांचे. पण एका विणीला चार पिले, आणि वीण फसली तर दुसरी. एखाद्या वर्षी पाखरे कमी झाली तरी पुढच्या एक-दोन पावसाळ्यांत भरून निघतात. वटवाघळाचा हिशेब उलटा. वर्षातून एकच वीण, त्यात एक किंवा दोन पिले, बहुधा जुळी. महाराष्ट्रात या जातीचा बारकाईने अभ्यास १९७० च्या सुमारास झाला. त्यात आढळले की नर-मादीचे मिलन जूनच्या सुरुवातीला होते, पण नराचे बीज मादी काही आठवडे पोटात सांभाळून ठेवते आणि गर्भ जुलैत राहतो. बेणे तोडून ठेवून वापशाची वाट बघावी तसे. पिले ऑगस्टच्या अखेरीस आणि सप्टेंबरात जन्मतात. एवढ्याशा प्राण्याने इतक्या संथपणे वाढावे, हे त्याला परवडते कारण तो मरतोही सावकाश. सायबेरियात याच आकाराचे एक वटवाघूळ खूण बांधल्यानंतर ४१ वर्षांनी जिवंत सापडले होते. ती जात वेगळी आणि तो विक्रमच म्हणायचा, पण उंदराएवढ्या वजनाच्या प्राण्यात हे नवलच. उंदीर दोन-तीन वर्षांत संपतो.

तेव्हा घराच्या आढ्याखाली मिरच्यांची धुरी करून तुम्ही एका संध्याकाळी चाळीस वटवाघळे मारली, तर ती जागा भरायला किती वर्षे लागतील, ते आता तुम्हीच मांडा. वटवट्याच्या बाबतीत निसर्ग उधारी देतो. वटवाघळाच्या बाबतीत देत नाही.

विषाचेही तसेच. एके काळी आपण हुमणी आणि वाळवीसाठी बीएचसी भुकटी पोत्यांनी टाकली. ती १९९७ साली बंद झाली. ही जुनी औषधे चरबीत साठून राहतात. थोडी वर्षे जगणाऱ्या पक्ष्यात ती थोडी वर्षे साठतात, दीर्घायुषी वटवाघळात जन्मभर साठत जातात, आणि आईच्या दुधातून पिलात उतरतात. फोरेट दाणेदारवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. पक्ष्यांना ते फार घातक. तरी कोणाच्या खोपीत कोपऱ्यात जुनी पुडकी निघतात, हे मी फिरतीवर पाहिले आहे. 'आणलंय तर टाकून संपवू' असे करू नका. कृषी सहायकांना दाखवा आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे विल्हेवाट लावा.

पाचट पेटवल्याने वटवट्याची घरटी जळतात, असे काही जण सांगतात. तोडणी हिवाळ्या-उन्हाळ्यात आणि याची मुख्य वीण पावसाळ्यात, त्यामुळे घरट्यांपुरते ते फारसे खरे नाही. पाचट ठेवायचे ते जमिनीसाठी; हेक्टरी आठ-दहा टन सेंद्रिय माल कोणी काडी लावून घालवावा का? वटवट्याचे खरे नुकसान होते ते बांधावर. पावसाळ्यात बांध कोरून अरुंद करणे, उरलेल्यावर तणनाशक मारून तो उघडा-बोडका करणे, याने त्याची शिवायची पानेच जातात. सबंध बांध माजू द्या असे म्हणत नाही. निदान एका बाजूचे गवत-झुडूप ऑक्टोबरपर्यंत राहू द्या. भांडण बांधाच्या रुंदीचे असते, गवताचे नसते.

वटवाघळासाठी तर काही करायचेच नाही. ढोलीचा जुना आंबा किंवा चिंच विहिरीवर असेल तर ती तोडू नका. वाड्यातली वटवाघळे त्रास देत नसतील तर राहू द्या. खाली पडलेल्याला, विशेषतः दिवसा जमिनीवर धडपडणाऱ्याला, उघड्या हाताने उचलू नका आणि मुलांनाही उचलू देऊ नका. आजारी प्राणी चावतो आणि चावले तर त्वरित दवाखाना गाठावा. विष्ठेचा ढीग साफ करताना तो ओला करून, नाकाला फडके बांधून काढा. सुकून चुरा झालेली विष्ठा खत म्हणून परसात चालते.

बऱ्याच सभासदांची घरे आता जुन्या कौलांची स्लॅबची होत आहेत, आणि काम पावसाळा सरता सरता, गवंडी मोकळे असताना काढले जाते. सप्टेंबरात आढे उघडले तर आत न उडणारी पिले असतात आणि आई परत येऊन त्यांना शोधत फिरते. कौले दिवाळीनंतर उतरवा. तोवर पिलांना पंख फुटलेले असतात. काम सकाळी न करता, ती बाहेर पडल्यावर संध्याकाळी फटी बुजवून दुसऱ्या दिवशी सुरू केले, तर एकही आत अडकत नाही. याबाबत अडचण असेल तर आपल्या गटातील शेतकी कर्मचाऱ्याकडे किंवा माझ्याकडे निरोप ठेवावा; लागण नोंदीच्या दिवशी मी गट कार्यालयात असतोच.

— ऊस विकास अधिकारी